वाकळीचा कोपरा

कापूस पिकवणाऱ्याच्या घरात सुती कापडाची चिंधी सापडू नये, ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. धर्मराजानं उभी हयात कापूस लावला, वेचला, गाडीत तुडवून तुडवून परतूरच्या बाजारात नेला. आणि त्या दिवशी सकाळपासून सगळं घर उपसून बसला, तरी हातभर सुती कापड काही मिळंना. धोतर टेरीकॉटचं, सदरा टेरीकॉटचा, टॉवेल म्हणावा तर त्यातही भेसळ. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. इथं तर पिकतं तिथं कुणी अंगालाही लावत नव्हतं.

कापडाचा एक धागा ओढायचा, चुलीतल्या विस्तवाला लावायचा आणि बघायचं. सुती असला तर त्याची राख होते, कागद जळाल्यासारखा वास येतो. दुसरं काही असलं तर वितळून टोकाला काळा मणी धरतो. धर्मराजाच्या चुलीपुढं नुसते काळे मणी पडत गेले, आणि त्याचं डोकं तापत गेलं.

हा माणूस एका चिंधीसाठी एवढा इरेला का पेटला, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

धर्मराजाची बायको दैवशाला वारली, त्याला पाच-सहा वर्षं झाली. पोरगा एकच, मिथुन. तो संभाजीनगरला कंपनीत कामाला, तिथंच त्याचं बिऱ्हाड. इकडं घनसावंगीच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला असलेल्या गावात धर्मराज एकटा. शेत गावापासून लांब, नाल्याच्या पलीकडं. दैवशाला होती तोवर त्या शेतात माणसांचा आवाज असायचा. निंदायला बाया यायच्या त्या तिच्या नावावर यायच्या, तिच्या गप्पांवर अन् तिच्या हातच्या ठेच्यावर. ती गेली आणि बाया एकेक करून दुसऱ्यांच्या रानात जायला लागल्या. बायांना कामाला बोलवायचं कसं, काय बोलायचं, हे धर्मराजाला कधी जमलंच नाही.

मंग त्यानं तणनाशक धरलं. पाठीवर पंप घेतला की एकट्या माणसाला सगळं रान साफ करता येतं. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा भुगा करून रानात कोण पसरणार, म्हणून त्या दरसाल बांधाला लावून पेटवून द्यायच्या. बैलं विकली होती, शेणखत कुठून आणायचं? खताची पोती आणून फेकायची, झालं. एकट्या माणसाला जेवढं जमतं तेवढं तो करत गेला, आणि मातीला ते मानवलं नाही. कापूस गुडघ्याला येऊन थांबायला लागला. पाऊस पडून ऊन पडलं की रानावर पापडी धरायची. नांगरटीच्या मागं उतरणारे बगळे यायचे बंद झाले. बगळे काही खुळे नाहीत. जिथं किडामुंगी नाही तिथं ते कशाला उतरतील?

मागच्या उन्हाळ्यात त्याला ताप भरला. घरात फणफणत पडला होता आणि गावाला पत्ता नाही. शेवटी शेजारच्या तातेरावाला दार दिवसभर बंद दिसलं, त्यानं आत येऊन बघितलं आणि मिथुनला फोन केला. पोरगा जीव मुठीत धरून आला. दवाखाना झाला, सलाईन झालं, आणि मंग त्यानं बापाला समोर बसवून सांगितलं की आता बास झालं, माझ्याकडं चला. शेताचं काय, तर एक वीटभट्टीवाला विचारून गेला होता. मुरूम लागेपर्यंत वरची सगळी काळी माती तो उचलून नेणार होता.

मिथुन वाईट पोरगा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बाप बंद दारामागं मरून पडेल ह्या भीतीनं त्याची झोप उडाली होती. पण बोलायला गेला आणि तोंडातून भलतंच निघालं.

“बापू, मेलेल्या मातीला राखण बसून राह्यले तुम्ही.”

“मेली न्हाई,” धर्मराज म्हणाला. पण ते त्याचं त्यालाच खरं वाटत नव्हतं.

त्यानंतर श्रावणात गावात शेतीशाळा भरली. जालन्याहून चिन्मयी नावाची पोरसवदा मॅडम आली होती. धर्मराज सगळ्यांच्या मागं बसला, कारण पुढं बसलं की लोक तब्येत विचारतात. मॅडमनं देवळामागच्या कडुलिंबाखालची, पाला कुजलेली ओंजळभर माती आणली, पांढऱ्या कागदावर पसरली आणि सगळ्यांना वाकून बघायला लावलं. आधी काही दिसलं नाही. मंग माती हलायला लागली. मोहरीच्या निम्म्यानं असतील नसतील असे पांढरे जीव उड्या मारत होते, एक वाणी किडा वेटोळं सोडून चालायला लागली, बारीक लाल कोळ्यासारखं काहीतरी त्या पांढऱ्यांच्या मागं धावत होतं.

मॅडम सांगत गेली. पाला पडला की आधी त्याच्यावर बुरशी चढते आणि त्याला मऊ करते. बुरशीला हे पांढरे खातात, पांढऱ्यांना ते लाल खातात. गांडूळ सगळंच गिळतं आणि पोटातून माती करून बाहेर टाकतं, त्यावर डोळ्याला न दिसणारे जिवाणू जगतात. झाड मुळातून बुरशीला साखर देतं, बुरशी त्याला लांबून पाणी अन् सत्त्व आणून देते. देणं-घेणं, मारामारी, लग्नकार्य, सगळं गाव खाली भरलेलं असतं म्हणाली.

“मातीत एकट्यानं जगणारं कुणीच नाही, काका,” ती नेमकी धर्मराजाकडं बघत म्हणाली.

तिच्या मनात काही नव्हतं बिचारीच्या. पण धर्मराजाला ते लागलं. एकट्यानं कसं जगतात ते बघायचं असेल तर माझ्या घरी ये म्हणावं, असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं मान खाली घातली. सगळे उठून गेल्यावर मात्र तो तिच्यापाशी गेला, आणि आपली माती मेली की जिती हे कसं कळायचं ते विचारलं.

तिनं सांगितलेला उपाय सोपा होता. घरातलं जुनं, धुऊन धुऊन विरलेलं सुती कापड घ्यायचं. नवं नको, नव्याला खळ असते. ते शेताच्या मधोमध वीतभर खोल पुरायचं, जवळपास औषध मारायचं नाही, आणि दोनेक महिने उकरून बघायचं नाही. मातीत जीव असला तर ती कापड खाते. नसला तर कापड जसं पुरलं तसं निघतं. धाग्याची परीक्षाही तिनंच शिकवली. जाता जाता म्हणाली की बहुतेक माती मेलेली नसते काका, नुसती उपाशी असते.

धर्मराजानं त्याच संध्याकाळी मिथुनला फोन लावला. दिवाळीला ये, म्हणाला. कापड सडलेलं निघालं तर मी इथंच राहीन आणि भट्टीवाल्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. जसंच्या तसं निघालं तर तुझ्या गाडीत बसतो, मंग माती कुणालाही दे. पोरगा हसला. मंग बापाचा आवाज ऐकून हसायचा थांबला आणि बरं म्हणाला.

तर अशी ही चिंधीची गोष्ट. आणि चिंधी काही मिळेना.

दुपार कलली तेव्हा त्याची नजर खाटेवरच्या वाकळीवर गेली. तिच्याकडं तो सकाळपासून मुद्दाम बघत नव्हता. दैवशालानं शिवलेली ती शेवटची वाकळ. आतमध्ये तिची दोन जुनी लुगडी आणि सासऱ्याचं धोतर, सगळं सुती. शिवायचा दोराही सुतीच. उन्हाळाभर ती ओसरीत बसून टाके घालत होती. डोळ्यांनी दगा दिला होता म्हणून सुई ओवून द्यायचं काम धर्मराजाकडं. दोरा संपला की ती हाक न मारता नुसती सुई पुढं करायची आणि हा हातातलं काम टाकून ओवून द्यायचा. कुरकुर करायचा, पण उठून कुठं जायचा नाही.

तिच्या माहेरी, टेंभुर्णीकडं, एक रीत होती. वाकळीचा शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी त्यात भाकरीचा वाळका कुटका ठेवायचा. ज्या वाकळीच्या पोटात घास नाही ती ऊब धरत नाही म्हणायचे. धर्मराज तिला ह्यावरून लई चिडवायचा, उंदरांची सोय करून राह्यली का म्हणून. ती उलटून भांडायची नाही. वाकळ झाली म्हणून काय झालं, कुणाला उपाशी ठेवू नये, एवढंच म्हणायची.

त्यानं वाकळ मांडीवर घेतली. कुटक्याचा कोपरा उशाकडचा, हे त्याला पक्कं आठवत होतं, म्हणून त्यानं पायाकडचा कोपरा धरला आणि कात्री चालवली. एवढे थर कापायचे म्हणजे हात दुखून आला. कोपरा सुटला आणि त्यातून काहीतरी टणक, काळपट जमिनीवर पडलं.

चार कोपऱ्यांतला नेमका तोच ह्या गड्यानं कापला होता.

धर्मराज त्या कुटक्याकडं बघत बसला. एवढ्या वर्षांत वाकळ कितीदा धुतली, वाळवली, आणि हा आत तसाच. तिच्या हातच्या भाकरीचा जगात उरलेला हा शेवटचा तुकडा. मंग तो रडला. घरात बघायला कुणी नव्हतं, त्यामुळं थांबायचं काही कारणही नव्हतं. रडून झाल्यावर त्यानं आतल्या थराचा एक धागा ओढून विस्तवाला लावला. राख झाली. शिवणीचा दोरा लावला. त्याचीही राख झाली. वरच्या निळ्या कापडाचा धागा त्यानं तपासलाच नाही. डोळे भरलेले होते, आणि घाई झाली होती. कुटका पुन्हा थरांच्या आत सरकवून त्यानं तो कोपरा रुमालात गुंडाळला आणि शेताची वाट धरली.

कपाशीच्या दोन ओळींमध्ये वीतभर खड्डा घेऊन त्यानं कोपरा पुरला, वर माती लोटली, खुणेला काठी रोवली. गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. धर्मराज मामा चिंध्या पेरून राह्यले, आता शर्ट उगवतील, असं तातेराव हॉटेलात सगळ्यांना सांगत सुटला. हसतील त्यांचे दात दिसतील म्हणून धर्मराजानं तिकडं लक्ष दिलं नाही.

जवळपास औषध मारू नका, असं मॅडम म्हणाली होती. पण ते वाऱ्यानं उडतं, पाण्यानं वाहतं. मंग जवळ कुठं संपतं आणि लांब कुठं सुरू होतं? त्यानं पंपच खुंटीला टांगला. खुरपं घेऊन एकेक ओळ बसून काढायला लागला. उपटलेलं गवत बांधावर न फेकता तिथंच मातीवर पांघरलं. रान काही आवरलं नाही, ते एकट्याच्यानं आवरणारही नव्हतं. पण खुरपायला बसलं की काठी जवळ असायची, आणि काठी जवळ असली की बोलायला व्हायचं. आज मिथुनचा फोन आल्ता. त्याच्या धाकट्या पोरीला सर्दी झाली. तातेरावाची म्हैस व्याली. असं काय काय तो काठीला सांगायचा. माणूस एकटा पडला की येडा होतो म्हणतात. येडा होत नाही हो, त्याचं बोलणं नुसतं साचून राहतं.

पोळा झाला, नवरात्र झालं, दसऱ्याचं सोनं वाटून झालं. दिवाळी जवळ यायला लागली तसा तो बोटांवर दिवस मोजायला लागला. कापड तसंच निघालं तर? पोराच्या घरी वरच्या मजल्यावर, खिडकीशी खुर्ची टाकून बसायचं. खाली डांबर. सुनेनं वेळच्या वेळी चहा द्यायचा. कुणी छळणार नव्हतं, उलट सगळे जपणार होते, आणि त्याचंच त्याला भ्या वाटत होतं. एकदा त्याला काठीपाशी मातीच्या बारीक गुंडाळ्यांचा ढीग दिसला, गांडूळ टाकतं तसला. दैवशाला त्याला मातीच्या शेवया म्हणायची. त्यानं हात लावला तर त्या मऊ होत्या. पण एवढ्याश्या शेवयांवर भरवसा ठेवायचा त्याला धीर झाला नाही.

भाऊबीजेला सुनेला माहेरी सोडून मिथुन एकटाच गावी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक शेतात गेले. धर्मराजानं फडक्यात दोन भाकरी बांधून घेतल्या होत्या. दैवशाला गेल्यापासून तो शेतात कधी जेवला नव्हता. त्या दिवशी का घेतल्या ते त्यालाही सांगता आलं नसतं.

त्यानं काठी उपटली आणि हातानंच माती बाजूला करायला सुरुवात केली. माती सुटी होती, दमट होती. थोडं उकरलं आणि निळं कापड दिसलं. मिथुननं वाकून त्यावरून अंगठा फिरवला. रंग गेला नव्हता, वीण उसवली नव्हती, वरची चमकसुद्धा तशीच होती.

“बापू, कापड तर जसंच्या तसं हाये,” तो हळूच म्हणाला. जिंकल्याचा आनंद त्याच्या आवाजात नव्हता, हे बापालाही कळलं.

धर्मराज मागं टेकून बसला. घराला कुलूप लावायचं, किल्ली तातेरावाकडं द्यायची, वाकळ बरोबर घ्यायची, असं काहीतरी त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. माती मेली होती, आणि ती त्यानंच मारली होती. दैवशाला असती तर तिनं काही म्हटलं नसतं, हे त्याला जास्त लागलं.

तिच्या हातचा तुकडा इथं टाकून जायचा नाही म्हणून त्यानं तो उचलला. आणि उचलला तसा तो हातात उघडला.

वरचं कापड एका हातात आलं, खालचं तिथंच राहिलं. मध्ये काहीच नव्हतं. लुगडं नव्हतं, धोतर नव्हतं, दोरा नव्हता. टाक्यांच्या जागी नुसत्या छिद्रांच्या ओळी उरल्या होत्या. आणि दोन कापडांच्या मधोमध काळी, भुसभुशीत माती भरून बसली होती. तिच्यात पांढऱ्या बुरशीचे कोळिष्टकाएवढे बारीक धागे पसरले होते. मोहरीच्या निम्म्याएवढे ते जीव उड्या मारून उजेडातून पळत होते. कुटका होता त्या जागी एक गांडूळ वेटोळं करून पडलं होतं. ऊन लागलं तसं ते सावकाश मातीत शिरलं.

धर्मराजाच्या आधी ध्यानात आलं नाही. मंग आलं. वरचं आणि खालचं कापड सुती नव्हतंच, ते कुणीच खाणार नव्हतं. जे खाण्यासारखं होतं ते सगळं मातीनं खाल्लं होतं.

“जिती हाये,” तो म्हणाला. पुन्हा म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्या मातीत बोटं फिरवून दोरा शोधायला लागला. एखादा तरी टाका राहिला असेल. त्यानं माती तळहातावर घेऊन चाळून बघितली. दैवशालाच्या हातचा एकही टाका मातीनं शिल्लक ठेवला नव्हता. हेच व्हावं म्हणून तो दोन महिने देव पाण्यात घालून बसला होता, आणि आता झालं तर त्याला तिचा एक टाका परत हवा होता.

मिथुन ते निळं कापड उलटसुलट करून बघत होता. कडेला शिवलेली खिशाची पट्टी त्याला ओळखू आली.

“ही माझी शाळेची चड्डी हाये ना?”

“तुझीच. तुझ्या आईनं वर लावली होती.” धर्मराजानं हात झटकले नाहीत, माती तशीच मुठीत धरली. “तिचं सगळं घेतलं बघ मातीनं. तुझं तेवढं घेतलं न्हाई. जे ठेवलं ते तू घेऊन जाय, मिथुन. घेतलं ते माझ्यापाशी राहू दे.”

त्यानं रागानं म्हटलं नव्हतं. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं कापड झटकलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. भट्टीवाल्याचं नाव त्यानं काढलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढंही नाही. रोज सकाळी फोन करायचा, एवढं मात्र त्यानं बापाकडून कबूल करून घेतलं. मंग बायकोला आणायला उशीर होतोय म्हणून तो तसाच नाल्यावरून गाडीकडं गेला. गाडीचा आवाज बराच वेळ येत राहिला, आणि मंग यायचा थांबला.

जिंकलेल्या माणसाला घरी जाऊन कुणाला तरी सांगावंसं वाटतं. धर्मराज तिथंच बसून राहिला. कपाशीत दोन-चार बोंडं फुटली होती, बाकी रान शांत होतं. त्याच्या खाली केवढा संसार चालला होता ते आता त्याला ठाऊक झालं होतं, पण त्यातलं कुणी वर येऊन दोन शब्द बोलणार नव्हतं.

त्यानं फडकं सोडलं. भाकरीचा एक कुटका मोडून खड्ड्यात ठेवला, वर माती लोटली आणि तळहातानं दाबली.

“जेव,” तो म्हणाला.

दुसरा कुटका त्यानं रुमालाच्या टोकाला बांधून ठेवला आणि उरलेली भाकरी बसल्या जागी खाल्ली. घरी जाऊन वाकळीचा उघडा पडलेला कोपरा शिवायचा होता. सुई होती, दोरा होता. ओवून द्यायला कुणी नव्हतं.